डाव्या गालावरचा उजेड

बसस्टँडच्या भिंतीला लागून गाण्यांच्या सीड्या विकणाऱ्याचा गाडा असतो, त्यावरच्या टीव्हीत त्या दिवशी माझा जाळ पेटलेला होता. मी आष्टीहून सोमवारच्या पहिल्या गाडीने जालन्यात उतरले होते, खिडकीच्या दांडीवर डोकं आपटून अर्धं कपाळ बधिर झालेलं, आणि नेहमीसारखी कुणाकडे न बघता सटकायच्या बेतात होते. गाड्यापुढे एक बाई चपला काढून उभी होती. उन्हाळ्याचं डांबर सकाळीच तापलेलं, त्यावर अनवाणी. काखेतल्या पिशवीतून कोथिंबिरीची जुडी डोकावत होती आणि तिने टीव्हीला हात जोडले होते. टीव्हीत रेणुकेच्या देवळाभोवती आराध्यांची फेरी चालली होती, दिवेलागणीची वेळ, आणि सगळ्यांत पुढे असलेल्या म्हाताऱ्या बाईच्या हातात पोत जळत होता. पोत म्हणजे तेलात भिजवलेल्या चिंध्यांचा पीळ, देवीचे भक्त तो पेटवून हातात नाचवतात. त्या क्षणी तो पोत खरं तर विझलेला होता. पेटवला होता मी, जालन्यातच, एका पत्र्याच्या खोलीत, टेबलफॅन पायाशी घेऊन, कॉम्प्युटरवर. बाईचे ओठ हलत होते. तिने दोन्ही हातांनी टीव्हीवरून आरती घेतल्यासारखं केलं आणि हात तोंडावरून फिरवले. इतके दिवस ते चित्र मी स्टुडिओत पाहिलं होतं, अल्बम विकला जातोय हेही कानावर होतं, पण माझ्या जाळाची आरती कुणी घेईल हे डोक्यात आलं नव्हतं. मी उगाचच गाडेवाल्यावर चिडले, एवढा मोठा आवाज कशाला ठेवता म्हणून त्याला बोलले. त्याने आवाज बारीक केला. बाई माझ्याकडे रागाने बघत चपला शोधायला लागली.

ह्या धंद्याने माझे डोळे नासवलेत. लोकांना रस्ता दिसतो, मला दिसतं की खांबाची सावली खांबाच्या बुडापासूनच निघते आहे ना. खोटी वस्तू ओळखायची असेल तर तिचं तोंड बघू नये, तिचे पाय बघावेत. ती जमिनीला टेकते तिथे एक बारीक काळोखी रेघ असते, ती नसली की वस्तू तरंगते, मग वरून कितीही रंग लावा. आम्ही म्हणतो, बसली नाही. माझा सगळा जन्म आता हे बसलं आणि ते बसलं नाही यात चालला आहे. भोकरदन नाक्याकडे जाताना मी रिक्षांच्या चाकाखालच्या रेघा बघत होते, रसवंतीच्या पाटीचा उजेड शेजारच्या भिंतीवर उतरलाय का बघत होते, आणि खरंच सांगते, खऱ्याखुऱ्या वस्तूंपैकी अर्ध्या मला बसलेल्या वाटेनात. माणसंसुद्धा. एक मास्तर सायकल हातात धरून उभा होता, कुणीतरी कापून आणून चिकटवावा तसा. मला वाटायला लागलं की घरी जावं, झोपावं, पण घर म्हणजे नूतन वसाहतीतली भाड्याची खोली, आणि तिथेही बादलीच्या कडेवर पडणारा उजेड मला स्वस्थ बसू देत नाही. औरंगाबादला ॲनिमेशनचा डिप्लोमा करत होते तेव्हा सर म्हणायचे, तुमचं काम चांगलं झालं की ते कुणाला दिसणार नाही. तेव्हा ते ऐकून छाती फुगायची. आता सत्ताविशी गाठली, आणि मला कधीकधी असं होतं की कुणीतरी एकदा तरी पकडावं. पडद्यावर बोट ठेवून म्हणावं, हे खोटं आहे, हे कुणाचं काम? म्हणजे निदान माझं नाव तरी विचारलं जाईल.

पोताचं काम माझ्याकडे आलं ते असं. स्टुडिओचे मालक अप्पाराव. लग्नं, बारशी, साखरपुडे. आणि दोन हजार चारच्या नवरात्रात त्यांच्या डोक्यात देवीच्या गाण्यांचा अल्बम आला, कारण सगळेच काढत होते. ते स्वतः कॅमेरा घेऊन भोकरदनच्या बाजूच्या एका गावी गेले आणि फेरी शूट करून आणली. गाणं नंतर बसवायचं. टेप बघताना त्यांनीच दाखवलं, ही बघ, झुंबरबाई, हिचा मान पहिला, आणि नेमका ऐन कडव्यावर हिचा पोत विझलाय. दिसतही होतं. वाऱ्याचा एक झोत आला, जाळ आडवा झाला, निळा झाला आणि गेला. उरला काळा बोळा आणि वर जाणारा धुराचा दोरा. म्हातारी डोळे मिटून चाललीच होती. मग कडेने कुणाचा तरी हात दुसरा पोत घेऊन आला आणि त्यावरून हा पुन्हा पेटला. थोड्या वेळाची गोष्ट, पण कॅमेरा नेमका तिच्या तोंडावर. "शिवकन्या," अप्पाराव म्हणाले, "तेवढा पोत पेटवून दे. विमानं उडवती, फुलं पाडती, एवढं न्हाई का जमणार?" जमणारच होतं. मीच हट्टाला पेटले. खऱ्या जाळाचं चित्र आणून डकवायचं नाही, अख्खा जाळ आतून घडवायचा. ठिणगीगणिक वारा द्यायचा, चिंधीचा पीळ जसा हलेल तसं जाळाचं बूड त्याच्याबरोबर हलवायचं, एकेक चित्र करत. धुराचा दोरा पुसला. पेटवायला आलेला तो हात जाळाआड झाकला. बाईमाणसाचा हात, मनगटावर घड्याळ, पण घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला. मला तो हात फार नडला, म्हणून तो लक्षात राहिला. मग उजेड. जाळ नुसता जळून भागत नाही, त्याने आजूबाजूला काहीतरी करावं लागतं. बाईने पोत उजव्या हातात धरून डाव्या खांद्याकडे आडवा नेलेला, म्हणून तिच्या डाव्या गालावर मी उजेड चढवला, जाळाबरोबर कमीजास्त होणारा. हिरव्या चुड्यावर चमक. कवड्यांच्या माळेतल्या एकेका कवडीवर ठिपका. कॉम्प्युटर रात्रंदिवस ती चित्रं शिजवत राहायचा, वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. आणि शेवटी सगळं जुळलं, अप्पारावांनी मांडीवर थाप मारली, तरी मला ते बसलेलं वाटेना. सावली बरोबर, रंग बरोबर, हालचाल बरोबर. काय चुकतंय ते कळायला मला माझी आत्या आठवावी लागली.

माझी आत्या चांगुणाबाई, वडिलांची सगळ्यांत थोरली बहीण. आमच्याकडे ही गोष्ट फार बोलली जात नाही. धर्मांतराच्या आधी घरात परडी होती, कवड्यांची माळ होती, आणि लहानपणी आत्याच्या हातात पोत असायचा. छप्पन सालानंतर माझ्या आजोबांनी देव्हाऱ्यातलं सगळं टोपल्यात भरलं आणि आत्याच्याच डोक्यावर देऊन नदीला नेलं. टोपलं तिने स्वतः पाण्यात उलटं केलं. मी एकदा विचारलं होतं, भीती वाटली का. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "भीती? आगं मानेला केवढं हलकं वाटलं. आन् काय झालं का कुनाला? कुनाला काय झालं न्हाई." एवढंच. पण ती चूल पेटवायला बसली की जाळ धरायच्या आत तिची मान वळायची. डोळे बारीक, गाल लांब, हात मात्र पुढे. गॅस आला तरी तेच. काडी ओढली की तोंड फिरवायची, जशी कुणी चापट मारणार आहे. हातात जाळ घेऊन चालायची सवय अंगातून जात नाही, धर्म बदलला तरी. आणि पडद्यावरची माझी म्हातारी? डाव्या खांद्याशी एवढा जाळ फडफडतोय, आणि तिचं तोंड समोर, सरळ, निवांत. तिथे आगच नव्हती तर ती कशाला तोंड फिरवेल? ते मला दुरुस्त करता येण्यासारखं नव्हतं. माणसाचं तोंड थोडंच वळवता येतं. मी जाळ थोडा बारीक केला आणि काम देऊन टाकलं. कुणालाही काही खटकलं नाही. अप्पारावांना नाही, गावाला नाही, आणि आता ह्या कोथिंबीरवालीलाही नाही.

स्टुडिओत पोचले तर अप्पाराव साखरपुड्याच्या शूटिंगला निघून गेलेले, आणि बाकावर त्या दोघी बसलेल्या. आधी मला फक्त एवढंच वाटलं की ही म्हातारी कुठेतरी पाहिलेली आहे. मग ओळख पटली. जिचा गाल मी महिनाभर चित्राचित्राने रंगवला होता तो गाल तिथे होता, सुरकुतलेला, साधा, आणि त्यावर दारातून येणारा उन्हाचा पांढरा उजेड होता. झुंबरबाई उठून उभ्या राहिल्या. बरोबर लेक होती, एकोणीस-वीसची, वेणी घट्ट, निळी पिशवी मांडीवर. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. म्हातारीने तो डाव्या हाताने घेतला, उजवा हात कोपराच्या वर उचलेना. "हात गेला का मावशी?" मी विचारलं. "खांदा धरलाय," त्या म्हणाल्या. "इतके वर्स धरून धरून दुसरं काय व्हनार?" मग तांब्या खाली ठेवून त्यांनी एकदम मुद्द्यालाच हात घातला. "ताई, अप्पाराव न्हाई तर तुमी दाखवा. मला आमच्या फेरीची रीळ बघायची हाय. ती गाण्याची न्हाई, ती बघितली. जशी घेतली तशी, कापलेली-जोडलेली न्हाई."

कशाला, असं मी विचारलं, आणि विचारताना माझा आवाज दुकानदारासारखा झाला. त्या सांगायला लागल्या. त्यांच्या घराण्यात पोत आईकडून लेकीकडे जातो. फेरीत पोत विझला की देवीने हात सोडला असं धरायचं. मग लेकीने माळ घालायची, दर मंगळवारी जोगवा मागायचा, पोत न्यायचा, आणि गाव सोडायचं नाही. "माझ्या आईच्या हातात विझल्ता तव्हा मी परकरात व्हते," त्या म्हणाल्या. "कुनी इचारलं न्हाई मला. माळ घातली गळ्यात, झालं." ह्या नवरात्रात फेरीत त्यांना वाटलं की विझला. डोळे मिटलेले होते, संबळ वाजत होता, धूर होता, पण धग गेल्यासारखी वाटली. डोळे उघडले तर जळत होता. "गाव म्हनतं न्हाई विझला. गान्यात बी जळूनच राह्यलाय. पन माझ्या अंगाला म्हाईत हाय ना, काहीतरी झाल्तं. म्या सा म्हैने झोपले न्हाई. देवीला फशिवलं का काय आपन? हिची बेबीनंदाची माळ काढून ठिवलीय. उद्याच्या मंगळवारी घालायची. पन त्याच्या आदी डोळ्यानं बघावं म्हनलं." बेबीनंदा पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती. इथेच जालन्यात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, म्हातारी म्हणाली, हुशार आहे, पण आता काय. मुलीने पिशवी सावरायला हात पुढे घेतला. मनगटावर घड्याळ होतं, तबकडी आतल्या बाजूला. नाडी मोजताना सोपं जातं म्हणून त्या पोरी तसंच बांधतात. मी त्या मनगटाकडे बघत राहिले आणि तिने मला बघताना पाहिलं. तिने हात पदराखाली नेला, मग तिथून काढून पुन्हा मांडीवर ठेवला, सरळ माझ्यापुढे, जणू म्हणत होती की बघायचंय तर बघा. आईचा पोत तिनेच पुन्हा पेटवला होता. सहा महिने ती हे पोटात घेऊन नाडी मोजायला शिकत होती.

मूळ टेप माझ्या डाव्या हाताशी असलेल्या खणात होती. मी खणाकडे बघितलं नाही. मला आत्ताही नीट सांगता येत नाही की मी तेव्हा काय विचार केला, कारण विचार केला असं नव्हतंच, डोक्यात नुसती घालमेल होती. खरं बोलायचा एक रस्ता होता आणि तो माझ्या घरून आलेला होता. सांगायचं, मावशी, विझला. वाऱ्याने विझला. चिंधीचा बोळा आहे, वाऱ्याने विझतो, त्यात देवी नाही आणि हात सोडणं नाही. माझ्या आत्याने सगळं पाण्यात उलटं केलं, कुणाला काही झालं नाही. हे मी भाषणात बोलू शकले असते, जयंतीच्या स्टेजवर बोललेही आहे, टाळ्या पडतात. पण ह्या बाईपुढे ते बोलले असते तर तिच्या कानात फक्त पहिला शब्द गेला असता. विझला. बाकीचं सगळं हवेत. आणि मंगळवारी ह्या पोरीच्या गळ्यात माळ. माझ्या लोकांनी जे सत्य एवढी किंमत मोजून घेतलं ते माझ्या तोंडात होतं, आणि ते बाहेर काढलं तर एका मुलीचा जन्म त्याखाली जाणार होता. मला झुंबरबाईंचा राग आला. अप्पारावांचा आला. सगळ्यांत जास्त राग त्या घड्याळाचा आला, की ते इतक्या विश्वासाने माझ्यापुढे का ठेवलं आहे. मी कॉम्प्युटर चालू केला. गाणं लावण्याआधीची, नुसत्या संबळाच्या आवाजाची फाइल माझ्याकडे होती, जाळ घातलेली. "ही बघा मावशी," मी म्हटलं, "ही जशी घेतली तशी."

त्या खुर्चीत बसल्या नाहीत. पडद्याशी वाकून उभ्या राहिल्या, एवढ्या जवळ की त्यांच्या श्वासाने काच धुरकट होत होती. पडद्यावर त्या स्वतः चालत आल्या. संबळ. उदो उदो. मी पडद्याकडे बघतच नव्हते, त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता ही पकडणार. हिच्या हातात आयुष्यभर आग आहे, हिच्या अंगाला माहीत आहे की आग असताना तोंड असं सरळ राहत नाही. आणि, सांगायला लाज वाटते, भीतीच्या आतल्या बाजूला मला दुसरंही काहीतरी होत होतं. पकड, असं मला वाटत होतं. इतकी वर्षं कुणी पकडलं नाही, तू पकड. "परत लावा," त्या म्हणाल्या. मी परत लावली. "परत." तिसऱ्या वेळेला त्या सरळ झाल्या. डावा हात हळूहळू वर गेला आणि डाव्या गालावर टेकला, जिथे मी उजेड चढवला होता अगदी तिथे. "हितून धग लागत व्हती," त्या म्हणाल्या. "आत्ता याद आलं बघा. ह्या गालाला. चांगला चटका बसल्यावानी." त्यांचे डोळे भरून आले. "जळतच व्हता. माझंच मन वंगाळ."

ती धग माझी होती. मी ती कॉम्प्युटरवर, नारिंगी आणि पिवळ्याच्या मधला रंग शोधत शोधत, टेबलफॅनच्या घरघरीत केली होती, आणि आता ती त्या बाईच्या गालाच्या आत जाऊन बसली होती. याच्याइतकं काही कधी बसलं नव्हतं. बेबीनंदाने इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला, तो मला ऐकू आला. झुंबरबाई पदराने काच पुसत होत्या, आधी मला वाटलं धुरकटपणा पुसतायत, मग त्यांनी पिशवीतून कुंकवाची पुडी काढली आणि पडद्याच्या चौकटीला बोट लावलं. निघता निघता, दारात, त्यांनी तो प्रश्न विचारला जो आमच्याकडे पाणी प्यायल्यावर कधीतरी येतोच. "तुमचं कुळदैवत कोनतं म्हनायचं, ताई?" मी म्हटलं, "आमच्यात नाही मावशी. आम्ही बौद्ध." त्या थांबल्या. आता तांब्याकडे बघतील, असं मला वाटलं, आणि मी आतून कडक झाले. त्यांनी माझ्याकडेच बघितलं. "मंग तर बराबरच झालं," त्या म्हणाल्या. "गावातले समदे तिचे. ते तिच्या बाजूनंच बोलनार. अप्पाराव बी तिचाच. तुमी तिच्या न्हाईत, तुमाला तिच्यापायी खोटं बोलायचं काय पडलंय? तुमचं म्या बिलकुल खरं धरते." मी काहीतरी पुटपुटले. बहुतेक हो म्हणाले. त्यांनी उजवा खांदा डाव्या हाताने दाबला, पायरीकडे बघितलं, आणि स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या, "म्हंजे पुढच्या साली बी मलाच न्यायचा हाये तर." त्यात आनंद नव्हता. बेबीनंदाने आईच्या दंडाला धरून तिला पायरीवरून खाली घेतलं. तिने वळून माझ्याकडे बघितलं नाही, आणि तिने बघितलं नाही याबद्दल मी तिची आभारी आहे.

त्या गेल्यावर मी खण उघडला. टेप यंत्रात घातली. हे सगळं माझं पाठ होतं, तरी मला विझलेला पोत एकदा बघायचाच होता, कारण डोळे मिटून तो आठवायला गेले तर तो मला पेटलेलाच दिसत होता. वारा आला. जाळ आडवा झाला, निळा झाला, गेला. धुराचा दोरा. आणि मी पहिल्यांदा झुंबरबाईंचं तोंड बघितलं. ते तोंड मी शेकडो वेळा पाहिलेलं होतं, पण भिंत पाहावी तसं, उजेड कुठे पडेल आणि काळोख कुठे राहील एवढ्यापुरतं. जाळ गेला आणि त्या तोंडाच्या कपाळावरची आठी सुटली. ओठ सैल पडले. हनुवटी थोडी वर झाली, मान हलकी झाली, डोक्यावरचं टोपलं कुणीतरी उतरवून घ्यावं तशी. मिटल्या डोळ्यांनी ती बाई चालत होती आणि तिच्या तोंडावर जे होतं ते मला आधी दिसलंच नव्हतं, कारण मला ते फक्त चुकलेलं वाटत होतं. मला वाटत होतं की तोंड जाळाला जुळत नाही. तोंड बरोबर होतं. परकरात असताना गळ्यात माळ पडल्यापासून पहिल्यांदा तिच्या अंगाला धग लागत नव्हती, आणि तिच्या अंगाला ते मन सांगायच्या आत कळलं होतं. मग कडेने घड्याळाचा हात आला. लेकीने स्वतःला वाचवायला आईच्या हातात पुन्हा आग दिली, आणि दुसऱ्याच क्षणी म्हातारीची मान उजवीकडे वळली, डोळे बारीक, गाल लांब, हात मात्र पुढे. आणि जिथे लेकीला उशीर झाला होता, तेवढी मधली जागा मी भरून काढली होती. त्या बाईच्या जन्मात तेवढी एक जागा मोकळी होती. मी तिथेच नेमका उजेड चढवला. मी टेप मागे घेतली आणि पुन्हा ते सुटलेलं कपाळ बघितलं, आणि पुन्हा, आणि मला रडू आलं, रागाचं असावं.

मी तिच्यामागे धावत गेले नाही. गेले असते तर कुणाला काय सांगितलं असतं? आईला सोडवायचं तर लेक अडकते, लेकीला सोडवायचं तर आई. संध्याकाळी अप्पारावांचा फोन आला, उद्या वाटूरला लग्न आहे, टेपा कमी पडतायत, ती फेरीची टेप आता लागत नाही ना, तिच्यावरच घेऊ. मी नाही म्हणू शकले असते. मी ती टेप कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवली आणि चेन ओढली. ती ठेवताना माझ्या मनात कुठलंही तत्त्व नव्हतं, फक्त ते मनगट होतं. खोलीवर जायला बसस्टँडवरून जायची गरज नव्हती, तरी मी तिकडून गेले. गाड्यावर दिवा लागलेला, आणि टीव्हीत तेच कडवं. चार-पाच माणसं उभी होती. मी त्यांच्यात उभी राहिले आणि त्या जाळाखाली ते सुटलेलं कपाळ शोधायला लागले. एवढ्या वेळा पाहून आले होते, कुठे आहे ते मला माहीत होतं. सापडेना. नुसता उजेड होता, कमीजास्त होणारा, डाव्या गालावर. शेजारच्या माणसाने "लईच झळाळून राह्यलाय बघा," असं काहीतरी म्हटलं, माझ्याकडे बघत, कौतुकाने. मी उत्तर द्यायला तोंड वर केलं. जाळ पडद्यावर फडफडला आणि माझी मान बाजूला वळली, डोळे बारीक झाले, आत्या चुलीपुढे वळवायची अगदी तशी.